दर्याची वही, तिसरं वर्ष: उंची सोडली, सेकंद धरले

गेल्या वर्षीपर्यंत माझ्या वहीत चारच रकाने होते: वारा, लाटेची उंची, हवेचा दाब आणि शेवटी 'अंदाज लागला की चुकला'. यंदा पाचवा आखला, लाटेच्या सेकंदांचा, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणाऱ्या वेळेचा, तिच्या कालावधीचा. आता वाटतं, पहिल्या दिवशी हाच आखायला हवा होता.

जागा तीच. मालवणातला दांडी किनारा, सकाळी साडेसहा. साधनंही तीच: काट्याचा जुना बॅरोमीटर, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा रोजचा समुद्रस्थितीचा अंदाज. पडताळ्यासाठी रत्नागिरीजवळच्या, लाटा मोजणाऱ्या तरंगत्या बोयाचे आकडे मिळाले तर उत्तम, नाहीतर डोळे.

तर, मे महिना. अंदाजात लाटांची उंची सव्वा मीटर, वारा ताशी जेमतेम दहा-बारा किलोमीटर. पूर्वीचा मी 'शांत' असं लिहून चहाला गेलो असतो. पण त्याच तक्त्यात स्वेलच्या, म्हणजे दूरच्या वादळातून निघून इथवर आलेल्या लाटांच्या, रकान्यात १८ सेकंद दिसले. म्हणून थांबलो. पाणी वरून तेल ओतल्यासारखं गुळगुळीत. आणि तरीही मध्येच तीन-चार लाटा लागोपाठ अशा यायच्या की पाणी पुळणीवर चढत थेट ओढून ठेवलेल्या होडीखाली शिरायचं. मग पुन्हा काही मिनिटं काही नाही. रापणीवाल्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं लावणाऱ्या, काकांनी त्या दिवशी जाळं बाहेरच काढलं नाही. म्हणाले, "वारो नाय, पण पाण्याक जोर आसा." तक्ता न बघता.

तो 'जोर' म्हणजे काय हे मला यंदा नीट उमगलं. इथल्या वाऱ्याने इथेच उठलेली लाट चार ते सहा सेकंदांची. १८ सेकंदांची लाट खोल समुद्रात सुमारे पाचशे मीटर लांब असते. लाटेला तिच्या निम्म्या लांबीइतक्या खोलीवर तळ जाणवू लागतो, म्हणजे हिला अडीचशे मीटरवरच. तिथून ती मंदावत, आखडत येते आणि किनाऱ्याजवळ उंच उठते. खोल पाण्यात होडीला ती कळतही नाही. कळते ती पुळणीवर आणि खाडीच्या तोंडाशी. ३१ मार्च २०२४ ला केरळच्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांत पाणी घुसलं तेही अशाच लाटांमुळे. तिकडचे मच्छीमार त्याला 'कळ्ळक्कडल' म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र.

आता मजेचा भाग. लांब पल्ल्याच्या लाटांचा ताफा खोल पाण्यात सेकंदाला ०.७८ गुणिले कालावधी इतके मीटर सरकतो. १८ सेकंदांच्या लाटा ताशी पन्नास किलोमीटर, १५ सेकंदांच्या ताशी बेचाळीस. म्हणजे एकाच वादळातून निघालेल्या लाटांत लांब कालावधीच्या आधी पोचणार, आखूड मागून. पहिल्या सकाळी साडेसहाला मी एका खडकावर नजर ठेवून अकरा लाटा मोजल्या, वेळेला दहाने भागलं, असं पाच वेळा केलं. सरासरी १८. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला १५. सव्वीस तासांचा फरक. आकडे मांडले तर लाटा निघाल्या ते ठिकाण साधारण साडेसहा हजार किलोमीटरवर येतं. मालवण १६ अंश उत्तरेला. तिथून सरळ दक्षिणेला मोजलं तर ४३ अंश दक्षिण, पण लाटा नैर्ऋत्येकडून तिरक्या येतात, तेव्हा वादळ थोडं अलीकडे. जतन केलेले नकाशे मागे उलटत गेलो. पाच दिवसांपूर्वी दक्षिण हिंदी महासागरात, चाळिशीच्या अक्षांशांत, एक भलंमोठं कमी दाबाचं क्षेत्र बसलेलं होतं! विषुववृत्तापलीकडचं वादळ मी खडक आणि स्टॉपवॉचवर पकडलं, म्हणून दिवसभर हवेत होतो. पद्धत माझी नाही. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजमाप लावून अशाच लाटांचा माग काढला होता.

उतावीळ होऊ नका, दुसऱ्या वेळी फसलो. लाटा आल्या, पण सकाळपासूनच वायव्येचा वारा होता. त्याने उठवलेल्या बारीक लाटांत स्वेल वेगळी मोजताच येईना. मोजायचं तर पहाटे, मतलई वाऱ्याच्या वेळी, जमिनीकडून हवा येऊन पाणी दबलेलं असताना.

आता बॅरोमीटरबद्दल एक कबुलीजबाब. पहिल्या वर्षी एका दुपारी चारच्या सुमारास काटा सकाळपेक्षा तीन हेक्टोपास्कल खाली आलेला पाहिला. इंग्लंड-अमेरिकेतल्या दर्यावर्दींसाठी लिहिलेली हस्तपुस्तिका वाचून मी शहाणा झालो होतो, तेव्हा शेजारच्या दादाला सांगितलं, आज नौका काढू नको. त्याने काढली नाही. रात्री दहाला काटा परत वर, आभाळ निरभ्र, बाकीच्यांच्या नौका मासळीने भरून आल्या. उष्ण कटिबंधात दाब दिवसातून दोनदा आपोआप चढतो आणि दोनदा उतरतो. साधारण दहाला वर, चारला खाली, सकाळी तसंच रात्री. सूर्याच्या उष्णतेने सगळ्या वातावरणातच ही भरती-ओहोटी चालते. आता मी आजच्या साडेआठची नोंद फक्त कालच्या साडेआठशी ताडतो. दादा मात्र अजून भेटला की विचारतो, "आज तुझो काटो काय म्हणता?"

हिवाळ्याचं पान थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत अधूनमधून वायव्येकडून सहा ते आठ सेकंदांच्या नीटस लाटा येतात, इथे वारा नसताना. त्या इराणच्या आखाताच्या भागात वाहणाऱ्या शमाल या वायव्य वाऱ्याची देन. तिकडच्या वाऱ्याच्या नकाशावर पट्टा गडद झाला की दोन-तीन दिवसांनी इकडे पाहायचं. यंदा दोनदा लागलं, एकदा काहीच आलं नाही.

पावसाळ्याच्या नोंदी कंटाळवाण्या आहेत. 'वारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत' हेच वाक्य आठवडाभर आणि बंदरावर इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा. जून-जुलैत मासेमारी बंदच असते, त्यामुळे किनाऱ्यावर पडताळायलाही कुणी नसतं. फक्त एक: अंदाजातली उंची म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. सातातली एक लाट त्याहून मोठी असते. आठ सेकंदांच्या लाटा दोन-सव्वादोन तासांत हजार होतात आणि त्यांत एखादी जवळजवळ दुप्पट निघते. 'तीन मीटर' वाचून सहा मीटर दिसली की अंदाज चुकला असं लिहू नका. मी दोन वर्षं लिहीत होतो. त्या सगळ्या फुल्या आता खोडायच्या आहेत.

नारळी पौर्णिमेनंतर सकाळची मोजणी पुन्हा रोज. वेंगुर्ला किंवा रत्नागिरीकडचं कुणी मोजत असेल तर एकाच वेळी मोजून बघू, साडेसहाला, अकरा लाटा, पाच वेळा. घड्याळं आधी जुळवून घ्या.