पू फुप्फुसात नव्हता

सोमवार, रात्री

दाखल होऊन तीन दिवस झाले आणि मला नक्की काय झालंय ते आज पहिल्यांदा कळलं. विसरायच्या आत लिहून ठेवते.

मागच्या महिन्यात न्यूमोनिया झाला होता. गोळ्यांचा कोर्स संपला, ताप उतरला, मी कामाला लागले. आठवड्याभराने पुन्हा संध्याकाळची कणकण सुरू झाली. मग रात्रीचा घाम, उठून कपडे बदलावे लागतील इतका. उजव्या कुशीत उसण भरल्यासारखी कळ यायची. खोकला, शिंक, साधी जांभईसुद्धा सोसवत नव्हती. आणि उजवा खांदा दुखायचा. मी आठवडाभर खांदा शेकत बसले आणि ते दिवस वाया गेले, याचं आता फार वाईट वाटतं. खांद्याला काहीच झालेलं नव्हतं. श्वासपटलावरच्या आवरणाला सूज आली की दुखणं खांद्यात उमटतं, कारण तिथला मज्जातंतू मानेतून निघतो.

पहिल्या दिवशी एक्स-रे बघून 'फुप्फुसात पू झालाय' एवढंच कानावर पडलं. दादाही फोनवर सगळ्यांना तेच सांगत होता. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र, फुप्फुस आतून सडतंय. शिरेतून अँटिबायोटिक चालू होतं तरी ताप १०२च्या खाली येईना. औषध लागू पडत नाही, म्हणजे आता काही उरलं नाही, असं मी दोन रात्री धरून बसले होते.

आज राउंडच्या मॅडमना मी सरळ विचारलं. त्यांनी माझीच वही मागून घेतली आणि मागच्या पानावर फुप्फुस काढलं, त्याला लगटून एक रेघ, आणि थोड्या अंतरावर दुसरी.

"पू फुप्फुसात नाहीये," त्या म्हणाल्या. "फुप्फुसाच्या बाहेर आहे. या दोन रेघांच्या मध्ये."

फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं. तेच वळून छातीच्या आतल्या बाजूला अस्तरासारखं लागतं. दोन पदरांमध्ये जेमतेम एक-दोन चमचे द्रव, श्वास घेताना ते एकमेकांवरून घसरावेत म्हणून. शेजारी न्यूमोनिया पेटला की तिथे पाणी झिरपायला लागतं. बहुतेकांचं ते आपोआप जिरतं. काहींच्या पाण्यात जंतू शिरतात, आणि त्याचा पू होतो. याला एम्पायमा म्हणतात. फुप्फुसाला स्वतःला वेदना कळत नाही, वेदना कळते ती बाहेरच्या पदराला. माझी कळ तिथली होती.

आणि औषधाचं काय? ते झिरपून तिथपर्यंत जातं, पण पू आंबट असतो, दाट असतो, कप्प्याकप्प्यांत अडकलेला असतो. काही औषधं त्यात निकामी होतात. "साचलेलं बाहेर काढलं नाही तर नुसत्या औषधाने ताप हटणार नाही," मॅडम म्हणाल्या. म्हणजे औषध हरलेलं नव्हतं. आधी पू निघायला हवा होता.

दादाला मी लगेच म्हटलं, "आता फोनवर बाहेर म्हण. फुप्फुसाबाहेर." तो रडला. मला वाटतं, त्यालाही तेच चित्र दिसत होतं.

मंगळवार

आज नळी घातली.

आधी सोनोग्राफी. पडद्यावर काळं पाणी आणि त्यात पांढरे धागे, कोळ्याचं जाळं लोंबावं तसे. मग पाठीत सुई. सिरिंजमध्ये काय येतंय ते मला दाखवा म्हणून मी हट्ट धरला. सिस्टर थोड्या घुटमळल्या, पण दाखवलं. दाट, पिवळट हिरवं, सिरिंज कलती केली तरी संथपणे सरकणारं. डॉक्टर म्हणाले, "हा पूच आहे, नळीसाठी रिपोर्टची वाट बघायची नाही."

उजवा हात डोक्यामागे घेऊन निजवलं, काखेखालची जागा बधिर केली. टोचण्याचं दुखणं थोडंच होतं. खरा त्रास होता तो दाबाचा, बरगड्यांच्या मधून कोणी पूर्ण भार टाकून बोट आत सारावं तसा. मिनिटभर. मग नळी टाक्याने कातडीला बांधली आणि दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत सोडलं. पहिल्या तासात ६०० मिली आलं. संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी वाक्य मध्ये धाप न लागता पूर्ण बोलता आलं.

बुधवार, पहाटे

झोप नाही. बाटलीकडे बघत पडलेय.

बाटलीत तळाशी पाणी आहे आणि आतल्या नळीचं टोक दोनेक सेंटीमीटर पाण्यात बुडालेलं आहे. मी श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढतं, सोडला की उतरतं. खोकले तर उसळी मारतं. माझा श्वास मी असा शरीराबाहेर, डोळ्यांसमोर कधी पाहिला नव्हता. ते पाणी म्हणजे एकेरी दार आहे. छातीतलं बाहेर येऊ शकतं, बाहेरची हवा आत जाऊ शकत नाही. आवरणाच्या पोकळीत हवा शिरली तर फुप्फुस मिटतं.

हे माणसांना फार महागात पडून कळलंय. १९१८ च्या फ्लूच्या साथीत अमेरिकन लष्करी छावण्यांमध्ये न्यूमोनियानंतर एम्पायमा होणाऱ्या तरुण सैनिकांची छाती लवकर उघडून पू काढत. सुमारे ३० टक्के दगावत होते. त्यासाठी नेमलेल्या आयोगात एव्हर्ट्स ग्रॅहॅम नावाचे सर्जन होते. त्यांनी दाखवून दिलं की आवरणं एकमेकांना चिकटायच्या आधी छाती उघडू नका, हवा न शिरता बंद नळीने पू काढा, आणि रुग्णाचं पोषण सांभाळा. मृत्यूचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आलं. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतंच. माझ्या खाटेखाली आता जी बाटली आहे, तिच्यामागे ती सगळी मुलं आहेत.

सिस्टरनी सांगितलेले नियम. बाटली कायम छातीच्या खाली, चालतानासुद्धा. आडवी पडू द्यायची नाही. नळी आपल्या मनाने चिमटायची नाही. जोड सुटला तर ताबडतोब हाक मारायची. नळीवर झोपायचं नाही, हे सगळ्यात अवघड.

शुक्रवार

रिपोर्ट आले. पुवातली साखर २२. रक्तात साखर ठीक असताना इथे इतकी कमी, कारण जंतू आणि पांढऱ्या पेशी ती खाऊन टाकतात आणि मागे आम्ल ठेवतात. कल्चरमध्ये, म्हणजे पुवातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू वाढला नाही. मी घाबरले, पण आधी गोळ्या झालेल्या असल्या की असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं म्हणे. मग औषध अंदाजानेच निवडतात, ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंनाही धरून. त्यावरून डॉक्टरांनी माझे दात तपासले. किडलेली दाढ निघाली. हिरड्या-दातांतले जंतू झोपेत श्वासनलिकेत उतरून छातीपर्यंत पोचू शकतात, हे माझ्या कधी स्वप्नातही नव्हतं.

टीबीत वाढणाऱ्या एडीए नावाच्या एन्झाइमची तपासणी वाढलेली आली आणि खोलीत 'टीबी' हा शब्द उच्चारला गेला. दुपारभर घरातलं कोणी धड बोललं नाही. संध्याकाळी मॅडम आल्या. एडीए साध्या एम्पायमातही वाढतं. टीबीच्या पाण्यात बहुधा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात, माझ्यात दुसऱ्या प्रकारच्या, न्यूट्रोफिल आहेत. टीबीची जनुकीय तपासणीही निगेटिव्ह आहे. तीन गोष्टी एकत्र बघायच्या असतात. एकच आकडा मोबाइलवर शोधत बसू नका, एवढंच त्या मला म्हणाल्या, रागावल्या नाहीत.

शनिवार

नळीतून येणं थांबलं. दिवसभरात २० मिली. मला आनंद झाला, आणि तो चुकीचा होता, कारण रात्री ताप १०१.

सीटी स्कॅनमध्ये दिसलं की पू संपलेला नाही, कप्प्यांत अडकलाय. ते पांढरे धागे फायब्रिनचे, जखमेवर खपली धरते त्याच पदार्थाचे. एम्पायमाच्या तीन अवस्था असतात. आधी पातळ पाणी, मग पू आणि जाळी, आणि दुर्लक्ष झालं तर फुप्फुसावर जाड साल धरते. साल धरली की फुप्फुस फुगूच शकत नाही. मी मधल्या अवस्थेत आहे. खांदा शेकण्यात गेलेला तो आठवडा पुन्हा आठवला.

सर्जनही येऊन गेले. दुर्बिणीने जाळी मोडून पोकळी साफ करता येते, साल असेल तर सोलता येते. पण आधी नळीतून औषध देऊन बघू, असं ठरलं. दोन औषधं, दिवसातून दोनदा, तीन दिवस. एक फायब्रिनचे धागे विरघळवतं. दुसरं पू पातळ करतं. पू इतका चिकट का असतो, तर मेलेल्या पेशींमधला डीएनए त्यात लांब दोऱ्यांसारखा पसरलेला असतो, आणि हे औषध तो दोरा कापतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन्ही एकत्र दिल्यावर गुण आला, एकेकट्याने नाही. कोणीतरी वेगवेगळं देऊनही बघितलं, म्हणून आज मला हे एकत्र मिळतंय.

मंगळवार

सहा डोस झाले. दर वेळी औषध घालून नळी तासभर बंद ठेवत. त्या तासात छाती आतून ताणल्यासारखी होई. दादा घड्याळ बघत बसायचा आणि मी दादाकडे. मग चिमटा सुटला की बाटलीत लालसर पाणी धावत यायचं. थोडं रक्त येणारच हे आधी सांगितलं होतं, म्हणून धीर राहिला. पहिल्या दोन दिवसांत दोन लिटरच्या वर आलं. काल रात्रीपासून ताप नाही.

गुरुवार

नळी काढली. "पूर्ण श्वास घ्या आणि धरून ठेवा." एक लांबलचक ओढ, गरम, आणि लगेच टाका आवळला. नळी वीतभर आत होती, हे बाहेर आल्यावर दिसलं.

घरी, दुसरा रविवार

गोळ्या अजून चालू आहेत, सगळे मिळून सहा आठवडे. वजन सात किलो उतरलंय. प्रथिनं वाढवायला सांगितलीत, भूक मात्र हळूहळू येतेय. दाढ काढून झाली.

तीन चेंडूंचं ते श्वासाचं यंत्र दर तासाला ओढते. जोरात ओढून चेंडू फटकन वर नेण्यापेक्षा संथ ओढून तो वर टिकवणं कामाचं, हे मला पंधरा दिवसांनी जमायला लागलंय. पहिला चेंडू टिकतो. दुसरा थरथरतो. तिसरा अजून जागचा हलत नाही.

परवाच्या एक्स-रेत उजवा खालचा कोपरा अजून पांढुरका आहे. आवरण जाड झालंय, ते भरून यायला काही महिने लागतील, थोडं राहीलही. "आणि फुप्फुस?" मी विचारलं. मॅडमनी फिल्म उजेडावर धरली आणि कोपऱ्याच्या वरचा सगळा काळा भाग बोटाने दाखवला, अगदी कडेपर्यंत. काळं म्हणजे हवा.

रात्री कूस बदलायच्या आधी माझा हात अजूनही नळी शोधतो.