तापली की बंद पडणारी पद्मिनी

ऐन मे महिन्यात एक निवृत्त शिक्षक त्यांची प्रीमियर पद्मिनी घेऊन आमच्या पुण्याच्या गॅरेजमध्ये आले. गाडी सकाळी पहिल्याच स्टार्टरला चालू व्हायची, शहरात दिवसभर फिरायची. घाट लागला की मात्र आचके देऊन बंद. बॉनेट उघडं ठेवून अर्धा तास थांबलं की पुन्हा व्यवस्थित चालू. खंबाटकीत रस्त्याच्या कडेला बसून काकू इतक्या वैतागल्या होत्या की गाडी विकायची भाषा सुरू झाली होती.

‘पेट्रोलची वाफ धरते,’ असं त्यांना जो तो सांगत होता. शंका रास्तच होती. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्याच अंगाला बसलेला असतो; तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलत बसतो. म्हणून पंपावर ओलं फडकं टाकून झालं, पंप नवा झाला, कार्बोरेटरचं किट बदललं. आता मूळ पंप काढून इलेक्ट्रिक पंप बसवायचं घाटत होतं. ते ऐकून माझ्या पोटात कालवलं. 1089 सीसीचं हे साधं, प्रामाणिक इंजिन 1964 पासून फियाट 1100 डिलाइटमध्ये आणि पुढे पद्मिनीमध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत राहिलं. मुंबईच्या टॅक्सीत ते ऑक्टोबर 2023 पर्यंत राबलं. अशा इंजिनाला घाट चढायला बाहेरच्या पंपाची गरज का पडावी?

मी म्हटलं, “काका, चालू गाडी बघून मला काही कळणार नाही. बंद पडलेली दाखवा. चला, जुन्या कात्रज घाटात जाऊ.”

भर दुपारी निघालो. बोगदा जवळ आला आणि गाडीने आचके दिले. कडेला घेतली. अशा वेळी एकच प्रश्न आधी सोडवायचा असतो: पेट्रोल नाही, की ठिणगी नाही? कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडून बाटलीत धरला आणि काकांना स्टार्टर मारायला सांगितलं. पेट्रोल पिचकारीसारखं आलं. म्हणजे वाफेचा मुद्दा तिथेच संपला. पाइप परत बसवला, सांडलेलं पुसून वाळू दिलं (पेट्रोल आणि ठिणगी कधीच एकत्र तपासू नये), मग प्लगची वायर ब्लॉकजवळ धरली. ठिणगी पिवळट, मरतुकडी, मधूनच गायब.

डिलकोचं (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण काढून पुन्हा स्टार्टर मारला. जी ठिणगी प्लगवर पडायला हवी होती ती आतल्या पॉइंटवर, म्हणजे ठिणगीची वीज बनवणाऱ्या कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर, चरचरत होती. पॉइंट निळे-काळे जळलेले. हे दुखणं कंडेन्सरचं. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलचा प्रवाह एकदम तुटायला हवा, तरच दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्ट तयार होतात. त्या क्षणी पॉइंटवर उडी मारू पाहणारा प्रवाह कंडेन्सर पोटात घेतो. इंजिन 3000 आरपीएमला फिरत असेल तर पॉइंट सेकंदाला 100 वेळा उघडतात. थंड असताना ठीक आणि तापला की गळणारा कंडेन्सर घाटातच दगा देणार.

“पण तो तर नवा आहे!” काका म्हणाले. दिवाळीत खबरदारी म्हणून बदलला होता. तिथेच सगळे फसले होते. नव्या पार्टवर कुणी संशयच घेतला नव्हता. मी विचारलं, “जुना टाकून दिलात?” त्यांनी डिकीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. स्क्रू, वॉशर, फ्यूज आणि त्यात कागदात गुंडाळलेला जुना कंडेन्सर. तोच बसवला, पॉइंट कानशीने साफ केले, फिलर गेजने गॅप लावला. इंजिन गरमागरम असतानाच गाडी चालू झाली आणि तशीच घाट चढून गेली. काकांनी माझा हात घट्ट धरला. या धंद्यात असे क्षण मला फार मोलाचे वाटतात.

गॅरेजला आल्यावर उरलेलं काम सावकाश केलं. नवे पॉइंट घालून 0.45 मिलिमीटरला लावले आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर किंचित ग्रीस दिलं. कॅम कोरडा राहिला की त्यावर घासणारी पॉइंटची टाच झिजते, गॅप मिटत जातो, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं आणि इंजिन विनाकारण तापतं. मग चाचणी दिव्याने टायमिंग बघितलं. प्लग काढले तर पांढरट निघाले, म्हणजे मिश्रण हलकं, हवेत पेट्रोल कमी. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं, आणि जुन्या कार्बोरेटरला ते आपणहून कळायला सेन्सर नाही. मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) थोडा मोठा केला, स्लोचा (गाडी उभी असताना इंजिन हळू चालवायचा) स्क्रू कानाने ऐकत लावला. पेट्रोलचे जुने रबरी पाइप इथेनॉलने पिचले होते. ते काढून इथेनॉल चालणारे घातले.

जून लागायच्या आत काका-काकू महाबळेश्वरला जाऊन आले. आल्यावर प्लग काढून पाहिले: चारही बिस्किटी रंगाचे, एकसारखे. वॉटर पंपातून थेंब थेंब पाणी गळतंय, ते सील पुढच्या आठवड्यात करायचं ठरलंय.