प्लग बदलला, पण नंबर तोच ठेवला

गाडी सिंगल सिलिंडर, एअर-कूल्ड, कार्ब्युरेटरवाली. स्पार्क प्लग काढला तर टोकावर कोरडी काजळी, बोटाने पुसली की निघणारी. तेलकटपणा नाही, म्हणजे ऑइल वर येत नाहीये. मिक्श्चर रिच चाललंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘एक नंबर हॉट प्लग टाक’. मला तो पटत नाही. हीट रेंजचा ठिणगीच्या जोराशी संबंध नाही. प्लग स्वतःची उष्णता सिलिंडर हेडला किती झटपट देतो, एवढंच ती सांगते: हॉट प्लग हळू देतो म्हणून टोक जास्त तापतं, कोल्ड प्लगचं कमी. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं तरच काजळी जळून जाते, आणि ८५०च्या आसपास गेलं तर ठिणगीच्या आधीच मिक्श्चर पेटू लागतं. हॉट प्लगने काजळी दिसेनाशी होईल, रिचपणा आहे तिथेच राहील. म्हणून आधी एअर फिल्टर साफ केला आणि आयडलचा मिक्श्चर स्क्रू थोडा लीनकडे, म्हणजे कमी पेट्रोलकडे, फिरवला.

नवा प्लग मूळ नंबराचाच: एनजीके सीपीआर८ईए-९. सी म्हणजे १० मिमी आटे, आर म्हणजे आत रेझिस्टर, ८ ही हीट रेंज, ई म्हणजे १९ मिमी रीच (आट्यांच्या भागाची लांबी), शेवटचा ९ म्हणजे ठिणगीसाठी ०.९ मिमी गॅप. ब्रँड बदलणाऱ्यांनी जरा जपून! एनजीकेत आकडा वाढला की प्लग कोल्ड, बॉशमध्ये नेमकं उलटं. डेन्सोचा २४ हा एनजीकेच्या ८ च्या जोडीचा. रीच चुकली तर प्रकरण महागात जातं: आखूड प्लगमुळे हेडच्या उघड्या आट्यांत कार्बन बसतो, लांब प्लग पिस्टनला भिडू शकतो.

इरिडियम धातूच्या टोकाचा प्लग तूर्तास नाही. त्याचं बारीक टोक कमी व्होल्टेजवर ठिणगी देतं आणि टिकतंही जास्त, पण ट्यूनिंग चालू असताना महागडा प्लग काळा करण्यात काय हशील?

इंजिन थंड असताना आटे हाताने पूर्ण बसवले, मग नवा वायसर दाबला जाईल इतका, पान्याने अर्धा फेरा. आट्यांना ग्रीस नाही.

एकसारख्या थ्रॉटलवर चालवून, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद केलं आणि प्लग पाहिला. पोर्सिलेन फिकट तपकिरी, कडेची रिंग अजून काळपट, म्हणजे अजून थोडं रिच. आता कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप एक खाच वर चढवून सुई खाली घेणार, म्हणजे पेट्रोल कमी जाईल, आणि हाच प्लग पुन्हा वाचणार.