बुशची लाइन आणि सप्लायरकडची 'ओके' ट्रायल (माझा अनुभव)

फ्लँजवाले बुश (एका टोकाला रुंद कडा, म्हणजे फ्लँज, असलेल्या धातूच्या नळ्या) कन्व्हेयरवर आपोआप एका तोंडाने लावणारी लाइन आमच्या चाकणच्या शॉपमध्ये आता छान चालते. डिझाइन, कोटेशन, ऑर्डर बिनबोभाट पार पडलं. अडलो ते सप्लायरकडच्या ट्रायलपाशी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

बेल्टवरची तिरकी पट्टी बुशांना एका रांगेत आणते. फ्लँज वर असलेला बुश बाजूचा प्रॉक्झिमिटी सेन्सर (न शिवता धातू ओळखणारा) पकडतो आणि एअर जेट त्याला परतीच्या बेल्टवर उडवतो. आम्हाला असेंब्लीला फ्लँज वरच हवी असते. पण बूड रुंद असल्यामुळे बहुतेक बुश फ्लँज खाली करूनच बसतात. म्हणून तेच पुढे सोडून शेवटी पीळ दिलेल्या च्यूटमध्ये (घसरणीत) उलटवायचे, हे मी सुरुवातीलाच अडून बसून करून घेतलं. त्याचं मला आजही समाधान आहे.

ट्रायलला एक बुश चुकला नाही. चुकणार कसा? आमचे सॅम्पल त्यांनी धुऊन-पुसून घेतले होते! आमचा माल येतो गंजरोधक तेलात निथळत. पहिल्याच शिफ्टला बुश फ्लँजला फ्लँज चिकटून जोडीने यायला लागले. फ्लँज मध्येच आल्यामुळे सेन्सर गोंधळायचा, आणि तेलाने बेल्टला धरलेला बुश हवेने नुसता थरथरायचा. फोन केला की ठरलेलं उत्तर, "साहेब, आमच्याकडे ओके होतं. तुमचा पार्ट ड्रॉइंगप्रमाणे नाही." व्हर्नियरने मोजून रिपोर्ट पाठवला, तरी तेच. ट्रायल रिपोर्टवर सही झालेली, त्यामुळे अकाउंट्सवाले म्हणायचे पेमेंट कशाच्या आधारावर थांबवू?

शेवटी त्यांचा इंजिनियर आला. त्याच्यासमोर एकाच लॉटचे अर्धे बुश डिझेलने धुतले, अर्धे तसेच ठेवले. धुतलेले सरळ गेले, तेलकट तुंबले. तेव्हा कुठे हॉपरखाली (माल ओतायच्या टाकीखाली) तेल निथळायला भोकांची जाळी आणि बेल्टच्या वर, खालून एकच बुश जाईल एवढ्या उंचीवर, आडवी पट्टी बसली.

ट्रायलला माल स्वतः न्या, वेगवेगळ्या लॉटचा, तेलासकट. ऑर्डरमध्येही तसंच लिहा. सेन्सर प्रॉक्झिमिटीच घ्या, फोटो सेन्सरची काच तेलाने धुरकटते. हो, जेटला रेग्युलेटर आणि छोटी टाकी वेगळी द्या, नाहीतर शेजारचं मशीन सुरू झालं की प्रेशर पडतं. मिनिटाला किती बुश निघतात ते च्यूटच्या तोंडाशी मोजा, बेल्टवर नाही. परतीचे बुश तिथे पुन्हा फिरून येतात आणि दोनदा मोजले जातात. आणि शेवटचा हप्ता तुमच्या शॉपवर, तुमच्या मालावर लाइन चालल्यावरच द्या.