मुरगावात रणगाडा बांधायचा तर : माझा अनुभव

पोर्तुगालने 1943 मध्ये ब्रिटनला अझोर्स बेटांवर तळ दिले. तीच सवलत ब्रिटनला 1941 मध्ये पोर्तुगीज गोव्यातल्या मुरगाव बंदरात मिळाली असती तर? या एका बदलावरून मी मध्यम रणगाड्याचा कागदी आराखडा करायला घेतला. लक्ष्य महिन्याला 20 गाड्यांचं.

पहिला आराखडा तोफेपासून सुरू केला आणि तो टाकून द्यावा लागला. सोव्हिएत टी-34 समोर ठेवून रुंदी 3 मीटर धरली होती. पण मुरगावहून कॅसलरॉककडे जाणारी लाइन त्या काळी मीटरगेज होती. तिच्यावरच्या डब्यांची रुंदी साधारण 2.74 मीटर, म्हणजे 3 मीटरची गाडी घाट चढूच शकत नाही. अमेरिकन शर्मन 2.62 मीटरचा आहे, तो बसतो. म्हणून आधी वाघिणीचं माप घ्या, मग उरलेल्या जागेत काय मावतं ते बघा.

मी रुंदी 2.68 मीटर ठरवली, वजन 26 टन. गाडी ज्या साखळी-पट्ट्यांवर चालते त्यांची जमिनीवर टेकणारी लांबी 3.7 मीटर, पट्टा 450 मिलिमीटर रुंद. दोन्ही पट्ट्यांचं क्षेत्रफळ 3.33 चौरस मीटर, दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.78 किलो. पट्टा 350 चा केला असता तर तो 1 किलोवर गेला असता, आणि पावसाळ्यातल्या खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या चिखलात, अशी गाडी पोटावर बसते. टेकणारी लांबी भागिले दोन पट्ट्यांच्या मध्यांतलं अंतर 1.66 येतं. हा आकडा 1.8 च्या पुढे गेला की गाडी वळवणं फार जड जातं.

रुंद पट्ट्यांची किंमत टरेटने, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाने मोजली. 2680 मधून पट्ट्यांचे 900, मोकळ्या जागेचे 80 आणि बाजूच्या पत्र्यांचे 80 वजा केले की आत 1620 मिलिमीटर उरतात. 75 मिलिमीटरची तोफ आणि टरेटमध्ये तीन माणसं हवीत तर टरेट ज्यावर फिरतं ते कडं शर्मनसारखं 1750 च्या आसपासचं लागतं. म्हणून सांगाडा पट्ट्यांच्या वरून बाहेर काढला. त्याने उंची वाढली, पण दोन माणसांच्या टरेटमध्ये कमांडरलाच तोफ सांभाळावी लागते. मला ते मान्य नव्हतं.

"गोव्यात लोखंड आहे, मग पोलाद इथेच करू" हे गणित बसत नाही. दगडी कोळसा नाही, आणि खनिज बरंचसं भुकटीचं. चिलखती पत्रा जमशेदपूरहून आणायचा. युद्धकाळात टाटांच्या कारखान्यात तो खरोखर होत होता. रेल्वेने आणला तर त्या काळी पुण्याला गेज बदलायचा, तिथे प्रत्येक पत्रा उतरवून पुन्हा चढवावा लागला असता. 50 मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला 392 किलो भरतो. कलकत्त्याहून जहाजाने आणणं मला जास्त पटलं.

पत्र्याचा क्रम चुकवू नका. आधी कापायचा, भोकं पाडायची, मगच पाणी द्यायचं, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करायचा. कडक झालेल्या पत्र्यात भोक पाडायला गेलात तर ड्रिल फुकट जातात. पाणी देताना पत्रा वाकतो, म्हणून दाबून सरळ करायचं यंत्र आराखड्यात धरावंच लागतं. मी ते आधी विसरलो होतो.

वेल्डिंगचं खरं संकट जून ते सप्टेंबर. रॉडच्या आवरणात दमट हवेतला ओलावा शिरतो, त्यातला हायड्रोजन जोडात अडकतो. जोड त्या दिवशी ठीक दिसतो, तडा एक-दोन दिवसांनी जातो. म्हणून रॉड गरम कपाटात, पत्रा 100 ते 150 अंशांपर्यंत तापवलेला, आणि तपासणी 48 तासांनंतर. क्रोमियम-निकेलचे रॉड तड्यांना जास्त दाद देत नाहीत, पण निकेल बाहेरूनच आणावं लागतं.

इंजिनासाठी शर्मनच्या डिझेल प्रकारातली जोडी घेतली: अमेरिकेच्या जनरल मोटर्सची (जीएमसी) दोन सहा-सिलिंडर इंजिनं, मिळून 375 अश्वशक्ती, टनाला 14.4. ऑस्ट्रेलियाने आपल्या सेंटिनेल रणगाड्यात तीन कॅडिलॅक इंजिनं जोडली होती, क्रायस्लरने शर्मनसाठी पाच. इंजिनं जितकी जास्त तितके रेडिएटरचे पाइप आणि बेल्ट जास्त.

मला वाटत होतं काम सांगाड्यापाशी अडेल. अडलं ते पट्ट्यांच्या कड्यांपाशी, म्हणजे ज्या तुकड्यांची साखळी होते त्यांच्यापाशी. एका बाजूला 80 म्हणजे गाडीला 160, महिन्याला 3200, वर 10 टक्के सुट्या धरल्या की 3520 कड्या आणि तितक्याच पिना. कड्या सुमारे 12 टक्के मँगनीजच्या पोलादात ओतायच्या. हे पोलाद ठोकलं किंवा कापायला गेलं की आणखी कडक होतं, त्यामुळे पिनेचं भोक साच्यातच नीट यायला हवं. मँगनीजचं खनिज गोव्यात आहे, पण ओतकामाला फेरोमँगनीज (लोह-मँगनीजचा मिश्रधातू) लागतं आणि ते बाहेरून येणार.

उरला शेवटचा गिअर, चाकाजवळचा. दुहेरी तिरक्या दातांचा गिअर कापायची यंत्रं मिळणार नाहीत म्हणून सरळ दात घ्यावेत असं वाटतं. जर्मनीच्या पँथर रणगाड्यात सरळ दातांचाच शेवटचा गिअर होता आणि तोच सतत तुटत राहिला. माझी गाडी त्याहून बरीच हलकी आहे, तरी मी दाताची रुंदी वाढवली आणि दर पाच गाड्यांमागे एक सुटा संच धरला.