आधी लेन्स, मग बॉडी

कॅमेरा घ्यायचा म्हणून ज्याला त्याला विचारत सुटलो, तर प्रत्येकानं स्वतःकडे होता तोच सुचवला. फक्त पक्षी टिपणाऱ्या एका काकांनी उलट विचारलं, "फोटो कशाचे काढणार?" भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो), आणि घरी भाची. मेगापिक्सेलचा विषय तिथेच मिटला. चोवीस तर साध्या बॉडीतही, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यातही, मिळतात. प्रश्न लेन्सचा होता.

पक्ष्यांसाठी ७०-३०० मिमी झूम लेन्स; मिमीचा आकडा मोठा, तेवढं लांबचं जवळ दिसतं. निकॉनच्या एपीएस-सी, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरवर दीडपट धरायचं, म्हणजे ३०० मधून फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरवरच्या) ४५० एवढं जवळचं दिसतं. फुल फ्रेमवर तेवढं जवळ जाणाऱ्या लेन्सची किंमत पाहिली आणि तो मोह सुटला.

भाचीसाठी ५० मिमी एफ/१.८, कारण घरात उजेड कमी आणि एफचा आकडा लहान असला की लेन्स जास्त उजेड आत घेते. इथे खरी गोम होती. निकॉनची जुनी 'डी' प्रकारची लेन्स स्वस्त, पण तिच्यात फोकसची मोटर नाही, आणि डी३५०० सारख्या नवशिक्यांच्या बॉडीतही नाही. दोन्ही एकत्र आल्या की फोकस हातानं. रांगणाऱ्या पोरीमागे? छे! मोटरवाली 'जी' लेन्स मिळते, पण बॉडीतच मोटर असली तर पुढे इतर जुन्या लेन्सही चालतील, असा हिशेब केला. म्हणून बॉडीत मोटर असलेला डी७२००, आणि तोही सेकंड हँड. वजनाला जड आहे, ते चालवून घेतलं.

मुंबईत बोरा बाजार गाठला. "साहेब, एकदम मिंट कंडिशन!" हे प्रत्येक दुकानात ऐकलं. मी स्वतःचं मेमरी कार्ड घालून फोटो काढला आणि लॅपटॉपवर त्या फाइलमधून शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा, वाचला. या बॉडीचं शटर निकॉननं दीड लाख वेळांसाठी तपासलेलं आहे, त्यामुळे आकडा वीस हजारांच्या आसपास असेल तर काळजी नाही. मग एफ/२२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो. काळे ठिपके दिसले, म्हणजे सेन्सरवर धूळ. ती साफ होते. लेन्समधली बुरशी मात्र नको रे बाबा. मोबाइलचा टॉर्च आत मारला, तर पहिल्याच ७०-३०० मध्ये पांढरे धागे! दुकानदारानं न बोलता दुसरी काढली. ती स्वच्छ निघाली.

उरलेल्या पैशांत हवाबंद डबा आणि सिलिका जेल घेतलं. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या बॅगेपेक्षा ते आधी लागतं, असं माझं मत. बॅग म्हणून सध्या ऑफिसची जुनी सॅकच चालू आहे.