तांब्याच्या दोन तारांवरची आमची वाटचाल

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली, त्याच सुमारास रत्नागिरीत एका भाड्याच्या गाळ्यात मी आणि माझ्या धाकट्या भावाने टेलिफोन दुरुस्तीचे काम सुरू केले. दुकानात येणारे बहुतेक संच खाऱ्या, दमट हवेने बिघडलेले असत. रिसीव्हर उचलला तरी टोन येत नसे, एक आकडा दाबला की दोन उमटत, बोलताना सतत खरखर येई. संच उघडला की हुकखालच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर दिसे, रबरी बटणांखालच्या काळ्या टिकल्या चिकट झालेल्या असत आणि घंटीच्या पोकळीत मुंग्यांनी घर केलेले असे. जुन्या संचांत कोळशाच्या कणांचा मायक्रोफोन असे. पावसाळ्यात ते कण घट्ट बसले की पलीकडच्या माणसाला आवाज क्षीण ऐकू येई, म्हणून अनेक घरांत रिसीव्हर आधी तळहातावर आपटून मग बोलण्याची सवय होती. हे संच स्पिरिटने धुताना, पट्ट्या घासताना आणि गुंडाळीच्या दोऱ्या बदलताना आम्हांला फोन आतून कळत गेला, आणि पुढची सारी वर्षे ते ज्ञान उपयोगी पडले.

रेल्वेनंतर गणपतीपुळे, गुहागर, दापोली या पट्ट्यात लॉज आणि हॉटेले वाढू लागली. त्यांच्याबरोबर बर्फाचे कारखाने, आंब्याचा रस डबाबंद करणारे उद्योग आणि छोटी रुग्णालये यांनाही कार्यालयाअंतर्गत फोनची गरज भासू लागली. आम्ही ईपीएबीएक्स बसवण्याचे काम हाती घेतले. ईपीएबीएक्स म्हणजे आपल्या इमारतीपुरते छोटे एक्स्चेंज. बाहेरच्या दोन-चार लाइन त्यात येतात आणि त्यातून प्रत्येक टेबलापर्यंत तांब्याच्या दोन तारा जातात. त्या काळी ग्राहक यंत्राची क्षमता विचारत, किंमत विचारत, पण टेबलावर कोणता फोन ठेवणार हे कोणी विचारत नसे. खेदाची गोष्ट अशी की आम्हीही त्याचा विचार करत नव्हतो. मुंबईहून एकाच प्रकारचे पन्नास संच ठोक भावात आणायचे आणि स्वयंपाकघरापासून मालकाच्या केबिनपर्यंत तेच लावायचे, अशी आमची पद्धत होती.

ही पद्धत चुकीची आहे, हे आम्हांला सर्वांत आधी चिपळूणमधील एका खाजगी रुग्णालयात कळले. स्वागतकक्षातल्या ताई बाहेरून आलेला फोन डॉक्टरांकडे वळवू लागल्या की दर चार-पाच फोनांमागे एक फोन तुटत असे. आम्ही यंत्राचे कार्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, बदलले, तारा तपासल्या, तरी तक्रार कायम राहिली. शेवटी मी एक पूर्ण दिवस त्यांच्या शेजारी बसलो, तेव्हा दिसले की संचाला फ्लॅशचे बटण नसल्यामुळे त्या हुकावर बोटाने टिचकी मारत होत्या. फोन वळवायचा आहे हे एक्स्चेंजला कळण्यासाठी लाइन क्षणभर तोडून पुन्हा जोडावी लागते. तो क्षण फार छोटा झाला तर एक्स्चेंजच्या लक्षात येत नाही आणि लांबला तर रिसीव्हर खाली ठेवला असे समजून ते संभाषणच तोडते. बोटाची टिचकी दर वेळी सारखी पडणे शक्यच नव्हते. फ्लॅश बटण असलेला फोन हा क्षण स्वतः मोजतो. पण तेथेही एक मेख आहे. काही संच १०० मिलिसेकंदांचा फ्लॅश देतात, काही ६०० मिलिसेकंदांचा, आणि एक्स्चेंजमध्ये ठरवलेली मर्यादा त्याच्याशी जुळावी लागते. त्या दिवसापासून नवा संच दुकानात आला की आम्ही प्रथम त्याचा फ्लॅश मोजतो आणि संचाच्या तळाशी चिठ्ठी चिकटवतो. ही चिठ्ठी आम्ही आजतागायत सोडलेली नाही.

होल्डच्या बटणाबद्दलही असाच गैरसमज आढळतो. साध्या फोनवरचे होल्ड बटण दाबले की संच स्वतःच लाइनवर भार ठेवून ती धरून ठेवतो आणि मायक्रोफोन बंद करतो. एक्स्चेंजच्या दृष्टीने मात्र संभाषण चालूच असते. त्यामुळे अशा होल्डमधून फोन दुसऱ्या एक्स्टेंशनला, म्हणजे इमारतीतल्या दुसऱ्या फोनला, देता येत नाही आणि समोरच्याला एक्स्चेंजचे संगीतही ऐकू जात नाही. एका हॉटेलच्या व्यवस्थापकांनी यावरून आमच्या यंत्रालाच दोष दिला होता. आता आम्ही स्वागतकक्षातील माणसाला पहिल्या दिवशीच दोन्ही प्रकार करून दाखवतो आणि जेथे फोन सतत वळवावे लागतात तेथे होल्डचे वेगळे बटण नसलेला संच सुचवतो.

हॉटेलांच्या खोल्यांसाठी संदेशाच्या दिव्याला मोठी मागणी असे. पाहुणा बाहेर गेला असताना निरोप आला तर फोनवर लाल दिवा लागावा, ही अपेक्षा योग्यच आहे. गणपतीपुळ्याजवळच्या एका हॉटेलात आम्ही मोठ्या हौसेने दिव्याचे चोवीस संच लावले आणि एकही दिवा लागला नाही. त्या संचांतला दिवा निऑनचा होता आणि तो पेटवण्यासाठी एक्स्चेंजने लाइनवर सुमारे ९० व्होल्टचा दाब द्यावा लागतो, तर आम्ही निवडलेल्या कार्डात ती सोयच नव्हती. दिवा संचावर दिसतो खरा, परंतु तो एक्स्चेंज आणि संच या दोघांचा मिळून असतो, ही साधी गोष्ट आम्ही पाहिली नव्हती. कार्डे आम्ही स्वखर्चाने बदलून दिली. त्या वर्षीचा नफा त्यातच गेला, पण मालकीणबाईंनी पुढे आम्हांला आणखी तीन ठिकाणची कामे मिळवून दिली, हेही कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे.

सर्वांत अधिक शिकवले ते मिरकरवाडा बंदराच्या परिसरातील एका बर्फाच्या कारखान्याने. तेथील मुकादम म्हणाले होते, "भाऊ, घंटी वाजते, पण आम्हांला ऐकू येत नाही. कॉम्प्रेसर थांबला की मग कळते, कोणीतरी बोलावत होते." इलेक्ट्रॉनिक संचाची बारीक किणकिण त्या आवाजात विरून जात होती. आम्ही जुन्या पद्धतीच्या, धातूच्या दोन वाट्यांवर हातोडी आपटणाऱ्या घंटीचा भिंतीवरचा संच शोधून आणला आणि लाइनवर घंटी आली की लुकलुकणारा दिवाही त्याला जोडला. घंटीसाठी एक्स्चेंज सुमारे ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी) दाब देते. तो दाब मर्यादित भारच पेलतो, म्हणून एकाच लाइनवर चार-पाच घंट्या जोडल्या तर एकही नीट वाजत नाही. ते टाळण्यासाठी दिव्याला स्वतंत्र वीज देऊन लाइनकडून आम्ही फक्त इशारा घेतला.

त्या कारखान्यात दुसरी अडचण बर्फ गोठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अमोनिया वायूची होती. अमोनिया तांबे आणि पितळ खातो. गळती अगदी किरकोळ असली तरी वर्षभरात हुकाच्या पट्ट्या निळसर पडून निकामी होत. तेथे आम्ही उघड्या पट्ट्यांचा हुक असलेले संच बंद केले आणि काचेच्या बंद नळीतली रीड कळ असलेले संच लावले. रिसीव्हरमधल्या चुंबकामुळे ती कळ उघडते आणि मिटते, हवेशी तिचा संबंध येत नाही. शिवाय एका फोनला आकड्यांची बटणेच ठेवली नाहीत. तो उचलताच थेट व्यवस्थापकांच्या टेबलावर वाजतो. गळतीच्या वेळी डोळ्यांतून पाणी वाहत असताना कोणाला एक्स्टेंशनचा आकडा आठवणार? आमच्या हातून झालेल्या कामांत या बिनआकड्यांच्या फोनचे मला सर्वाधिक समाधान वाटते.

त्या उलट, पडद्यावर नंबर दाखवणारे आणि स्पीकरचे संच आम्ही बेतानेच देऊ लागलो. पडद्यासाठी लागणारे सेल दमट हवेत गळतात आणि खालची पाटी खराब करतात. लाइनच्याच विजेवर चालणारा स्पीकर लांबच्या एक्स्टेंशनवर पुटपुटल्यासारखा वाजतो. या सोयी स्वागतकक्षात आणि मालकांच्या टेबलावर शोभतात, बाकी ठिकाणी त्यांची देखभालच अधिक होते. नंबर साठवण्याची बटणे मात्र हिशेबनिसाच्या टेबलावर फार उपयोगी पडतात. फक्त शून्य दाबून बाहेरची लाइन घ्यायची असेल, तर त्या शून्यानंतर थोडा विराम साठवावा लागतो, नाहीतर लाइन मिळण्याआधीच पुढचे आकडे निघून जातात.

मोबाइल आला, तशी दुकानातली दुरुस्ती झपाट्याने कमी झाली. भाऊ काही काळ पुण्याला नोकरीसाठी गेला. नंतर नेटवर्कवर चालणारे आयपी फोन आले आणि आम्हीही ते शिकून घेतले, कारण शहरातल्या एकाच मजल्यावरच्या कार्यालयाला ते उत्तम आहेत. मात्र कोकणातली पुष्कळशी हॉटेले एका मजल्यावर मावत नाहीत. नारळी-पोफळीच्या वाडीत विखुरलेल्या कुट्या, मधून जाणारी पाखाडी, टोकाला समुद्राकडचे जेवणघर, असा त्यांचा पसारा असतो. नेटवर्कची केबल साधारण १०० मीटरपर्यंत नेता येते, पुढे स्विच, म्हणजे सिग्नल पुढे पाठवणारी पेटी, हवा आणि त्या स्विचला वीज हवी. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीचा रोध मात्र एका किलोमीटरला जाऊन-येऊन सुमारे १७० ओहम भरतो. ४०० मीटरवरच्या कुटीसाठी तो ७० ओहमच्या आसपास येतो, आणि एक्स्चेंजला तेवढा सहज पेलतो. फोनला लागणारी वीजही त्याच दोन तारांतून जाते. त्यामुळे कुटीत वीज नसली तरी तेथला फोन चालू राहतो.

याचे महत्त्व ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्याला धडकले तेव्हा पुरते कळले. दापोली तालुक्यातील आमच्या एका ग्राहकाच्या रुग्णालयात बाहेरच्या सर्व लाइन तुटल्या, मोबाइल मनोरे बंद पडले आणि वीज अनेक दिवस आली नाही. परंतु ईपीएबीएक्सच्या खाली आम्ही ४८ व्होल्टसाठी जोडलेल्या चार बॅटऱ्या होत्या. जनरेटर दिवसातून थोडा वेळ चालवला की त्या भरत, आणि वॉर्ड, औषधालय, शस्त्रक्रियागृह यांच्यातला संवाद त्या जोरावर चालू राहिला. रस्ते मोकळे झाल्यावर मी तेथे पोहोचलो, तेव्हा परिचारिका नेहमीप्रमाणे रिसीव्हर उचलून औषधे मागवत होत्या.

पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले आणि आमच्या अनेक ग्राहकांच्या तळमजल्यावरील जोडपेट्या गाळात बुडाल्या. फोन वरच्या मजल्यांवर सुरक्षित होते, पण साऱ्या तारा जेथे एकत्र येतात ती पेटीच गेली होती. सोयीसाठी ती जिन्याखाली बसवण्याचा आमचा निर्णय होता आणि त्याची जबाबदारी आमची होती. तेव्हापासून जोडपेटी आणि एक्स्चेंज पहिल्या मजल्यावरच बसवायचे, त्यासाठी केबल जास्त लागली तरी चालेल, असा नियम आम्ही केला आहे.

विजेच्या कडकडाटाचा प्रश्न वेगळा. मे महिन्याच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात वाडीतल्या लांब केबलींवर धक्के येतात. त्यासाठी पेटीत प्रत्येक जोडीला वायूने भरलेली संरक्षक नळी बसवतात, जी जादा दाब जमिनीत सोडते. अडचण जमिनीचीच आहे. जांभ्याच्या सड्यावर मे महिन्यात माती कोरडी ठणठणीत असते आणि अर्थिंगचा रोध वाढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत विजा पडतात. अर्थिंग कमकुवत असेल तर नळी असून नसल्यासारखी. म्हणून खड्डा खोल घेऊन त्यात कोळसा आणि मीठ भरणे, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहणे आणि पावसापूर्वी रोध मोजून तो पाच ओहमच्या आत आणणे, हे काम आम्ही वार्षिक देखभालीच्या करारातच लिहितो. पाणी घालण्याचे काम हॉटेलच्या माळीकाकांकडे सोपवलेले असते आणि ते आमच्यापेक्षा अधिक नेमाने करतात.

आता बाहेरच्या लाइन तांब्याच्या न राहता फायबरवर आल्या आहेत. फायबरच्या पेटीला फोनसाठी छोटे छिद्र असते, त्यातून निघणारी जोडी आम्ही एक्स्चेंजला देतो आणि ती पेटी न विसरता इन्व्हर्टरवर घेतो, कारण वीज गेल्यावर फायबर स्वतः फोन चालवत नाही. काही ठिकाणी जुन्या ईपीएबीएक्सच्या जागी गेटवे, म्हणजे नेटवर्कवरचे फोन साध्या तारांवर आणणारी पेटी, बसवला, तरी टेबलावरचे ॲनालॉग संच आणि वाडीतल्या तारा तशाच राहिल्या. भाऊ २०२१ च्या पुरानंतर परत आला आणि ही गेटवेची कामे तोच पाहतो. त्याचा मुलगा गेल्या वर्षापासून आमच्याबरोबर येऊ लागला आहे. नव्या ग्राहकाकडे गेल्यावर किमतीचा कागद काढण्याआधी तो प्रत्येक टेबलाजवळ जाऊन विचारतो: येथे कोण बसते, फोन वळवावा लागतो का, आजूबाजूला आवाज किती असतो, खिडकी समुद्राकडे आहे का, वीज गेल्यावर या फोनची गरज पडते का. उत्तरे तो वहीत लिहून घेतो. मागच्या आठवड्यात गुहागरच्या एका कामासाठी त्याने एकोणीस टेबलांसाठी पाच वेगवेगळे संच निवडले, आणि त्यांतला एक बिनआकड्यांचा होता.